वापसा

मामांनी मातीचं ढेकूळ उचललं, मुठीत दाबून त्याचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडून दिला. लाडू खाली पडला आणि विखुरला. मामा खूश झाले. "आला वापसा. उद्या पेरून टाकू." आदल्या दिवशी हाच लाडू पडून भाकरीसारखा चपटा झाला होता, म्हणून तो अख्खा दिवस तंबाखू मळण्यात आणि आभाळाकडे बघण्यात गेला होता.

वापसा हा शब्द मला फार आवडतो. ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये पाणी आहे तशी हवाही आहे, पाय रुतत नाही आणि बी कोरडं पडत नाही, अशी ती वेळ. पाऊस पडून गेला की वापसा येतो आणि दोन-चार दिवसांत निघूनही जातो. कनिष्ठ महाविद्यालयात मी 26 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. 'बी रुजण्यासाठी पाणी, प्राणवायू आणि योग्य तापमान आवश्यक असतं' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन याचा हिशोब नाही. मुलं ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, 3 मार्क मिळवत. त्या सगळ्या वर्षांत वर्गात एकदाही माझ्या तोंडून वापसा हा शब्द आला नाही. आजोळचा शब्द होता, आजोळीच राहिला.

आजोळ म्हणजे तरी काय, तर पाणी. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि इंदापूर-करमाळ्याकडची कितीतरी गावं त्याच्या पोटात गेली. मामांचं घर, गोठा, विहीर आणि विहिरीवरची चिंच त्यातच. आता मामा काठावरच्या नव्या गावठाणात राहतात आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात. गाळपेर म्हणतात तिला. कडवळ, मका, कधी हरभरा. खत घालावं लागत नाही, कारण वर्षभराचा गाळ आयता बसलेला असतो. फक्त वेळ साधावी लागते. पाणी हटल्यावर फार लवकर गेलं तर बैल पोटापर्यंत रुततो आणि उशीर केला तर मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

उजनीच्या बातम्या ज्यांनी वाचल्या नसतील त्यांना सांगायला हवं की या धरणातलं पाणी शून्याच्या खालीही जातं. उणे 10 टक्के, उणे 30 टक्के, असे आकडे उन्हाळ्यात पेपरात रोज येतात. 2024 साली तर ते उणे 50 च्याही खाली गेले होते. उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की असा हिशोब मांडतात. पाणी इतकं उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. आधी शिखर, मग सभामंडप, मग अंगण. पुण्याहून गाड्या करून लोक ते बघायला जातात, फोटो काढतात. मामी मात्र तिकडे फिरकत नाही. "वर आलं म्हणून काय झालं," ती म्हणते, "परत जायचंच हाय ते."

त्या मार्चमध्ये मी गेले होते ती काही बघायला नव्हे. नुकती निवृत्त झाले होते आणि घरात बसवत नव्हतं. मामा लाडू टाकून वापसा बघत होते आणि मी पाण्याच्या कडेनं चालत होते. ओल्या गाळावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, हिरवी बारीक रेघ उमटलेली दिसली. खाली वाकले. फितीसारखी अरुंद, बोटाच्या पेरापेक्षा लहान पानं. शेकड्यांनी. मला वाटलं लव्हाळ्याचीच कुठली तरी जात असेल. मग एका जरा थोराड रोपाकडे लक्ष गेलं. त्याचं सगळ्यात नवं पान गोलसर होतं आणि देठ मध्यभागी किंचित फुगलेला होता.

तो फुगा सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. जलपर्णी. कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात. मामांनी विचारलं, "काय गावलं?" मी सांगितलं. ते हसले. "तुमच्या पुण्याची भेट," म्हणाले.

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. मुठा, मुळा, पवना, इंद्रायणी, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेत आणि भीमेचं उजनीत. आम्ही सकाळी बादलीत जो साबण विरघळवतो आणि संडासात जे पाणी सोडतो, त्यातला नत्र आणि स्फुरद बराचसा इथपर्यंत पोहोचतो. जलपर्णीला दुसरं काय हवं? अनुकूल दिवसांत ती आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तेही बीशिवाय. आईच्या बुडाशी आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला पोर बसतं, पोराला धुमारा फुटतो. नदीत जो गालिचा आपण बघतो तो जवळजवळ सगळा असा, एकाच वाणाच्या नकलांचा. वर्गात मी हेच शिकवत आले होते. बीचा उल्लेख पुस्तकात अर्ध्या ओळीचा, आणि मीही त्याला अर्धंच वाक्य देत असे.

पण इथं ती रोपं पाण्यावर तरंगत नव्हती. गाळात मुळं रोवून उभी होती. हे बीचंच काम होतं.

तिचं फूल बघितलंय तुम्ही? ज्यांना तिचा राग येतो त्यांनी एकदा बघावं. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, आणि सगळ्यात वरच्या पाकळीवर निळ्या कोंदणात पिवळा ठिपका. मोरपिसाचा डोळाच. या फुलापायीच ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये शोभेचं झाड म्हणून उतरली. फूल कोमेजलं की पुढचा भाग फार कमी लोक पाहतात. तुरा ज्या दांड्यावर उभा असतो तो दांडा वाकतो आणि मान खाली घालून पाण्यात शिरतो. फळ पाण्याखालीच पिकतं, काही आठवड्यांत फुटतं आणि बिया तळाला जातात. बी जेमतेम मिलिमीटरभर, फार तर दीड. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी म्हणा, पण गोल नव्हे, निमुळती, आणि अंगावर जिऱ्यासारखे उभे कंगोरे. एका फळात कधी पाच-पन्नास, कधी शेकड्यांनी. आणि तळाच्या गाळात ती 15 ते 20 वर्षं जिवंत राहू शकते.

म्हणजे 20 वर्षं रुजायचं नाही, हे तिला जमतं.

याचं मोल मला स्वयंपाकघरात कळलं. आजोळहून परतले त्या रात्री मटकी भिजत घातली, सकाळी उपसून फडक्यात बांधली, संध्याकाळी गाठोडं सोडलं तर मोड हजर. मटकीला मी कधी विचारलं का, बाई, तुला आत्ता रुजायचंय का, बाहेर उजेड आहे का, मुळाला माती मिळेल का? ती फडक्यात, अंधारात, डब्याच्या कोपऱ्यात, पाणी मिळालं की मोड काढून मोकळी. आपल्या ताटातलं जवळपास सगळं धान्य असंच आहे. हजारो वर्षं माणसानं पेरलं आणि जे बी सांगितल्या दिवशी उगवलं त्याचीच पुढच्या वर्षी पेर केली. जे झोपून राहिलं ते त्या वंशातून बाद झालं. आज जूनमध्ये शेतकरी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्यानं मोजतो, 70 उगवले तर बियाणं चांगलं म्हणतो. सगळे एकदम, एकाच आठवड्यात उगवावेत हीच तर आपली अपेक्षा. तिची किंमतही मोजावी लागते. 2019 च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबेना तेव्हा मराठवाड्या-विदर्भात उभ्या आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटले होते. बीला वाटलं, पाणी आलं, चला. समोर उघडं माळरान की शेतकऱ्याची सुगी, हे बघायची शक्ती आपणच तिच्यातून काढून घेतलेली.

तणानं ती शक्ती सोडलेली नाही, किंबहुना तण आहे ते त्या शक्तीमुळेच.

निवृत्त शिक्षिकेला रिकामा वेळ आणि श्रीखंडाचे रिकामे डबे यांची कमतरता नसते. मामांच्या बांधाजवळचा गाळ मी पिशवीत घालून आणला होता, एसटीत शेजारच्या बाईंनी नाक मुरडलं तरी. मनात डार्विन होता. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये, 1859 साली, त्यानं एका तळ्याच्या काठच्या चिखलाची गोष्ट सांगितली आहे. फेब्रुवारीत पाण्याखालून तीन ठिकाणचा तीन चमचे चिखल घेतला, वाळल्यावर त्याचं वजन सुमारे 190 ग्रॅम भरलं. तो अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि सहा महिने जे जे उगवलं ते उपटून मोजलं. 537 रोपं. आणि सगळा चिखल चहाच्या मोठ्या कपात मावला होता. त्याला दाखवायचं होतं की पाणपक्ष्याच्या पायाला लागलेल्या चिखलातून केवढं रान देशोदेशी जाऊ शकतं. भिगवणला दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी बघताना मी आता त्यांच्या गुलाबी पंखांऐवजी पायांकडे बघते, हा त्या कपाचा परिणाम.

मी पाच डबे मांडले. पहिल्या गाळावर वीतभर पाणी, त्यासाठी डब्याऐवजी लोणच्याची बरणी घ्यावी लागली. दुसरा नुसता ओला, बाल्कनीत उन्हात. तिसराही ओला, पण काळ्या कागदात गुंडाळलेला. चौथ्यातला गाळ एप्रिलच्या उन्हात तीन आठवडे कडकडीत वाळवायचा आणि मग भिजवायचा. पाचवा वाळवून तसाच बंद ठेवायचा, पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक प्रकारचा एकच डबा, मोजमाप चमच्यानं, तापमान अंदाजानं. विद्यार्थ्यानं असा प्रयोग आणला असता तर वही परत केली असती. शिवाय दुसऱ्या डब्यात चौथ्याच दिवशी कबुतर बसून गेलं.

महिनाभरात बरणीत काही नाही. वर हिरवा साका तेवढा धरला. काळ्या कागदातल्या डब्यात, मी रात्री दिवा मालवून बोटानं चाचपून बघत असे, तिथंही काही लागेना. कबुतराच्या डब्यात लव्हाळा, घोळ आणि मला न ओळखता आलेलं एक गवत, आणि त्यांच्यात फितीच्या पानाची तीन रोपं. चौथ्या, वाळवून भिजवलेल्या डब्यात पाणी घातल्यापासून दहाव्या दिवशी दाढीच्या खुंटांसारखं हिरवं दिसू लागलं. फितीच 31 मोजल्या. मे संपता संपता त्यातल्या काहींचे देठ फुगले.

पुस्तकात जे होतं तेच घडलं, यात मोठेपणा काही नाही. जलपर्णीच्या बीला रुजायला उजेड लागतो, ऊब लागते, उथळ पाणी किंवा ओला गाळ लागतो, आणि मधे एकदा वाळून पुन्हा भिजणं मानवतं, हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पण वाचणं वेगळं आणि रात्री अंधारात बोटानं चाचपणं वेगळं. त्या अंधारात मला पहिल्यांदा जाणवलं की बोटाखाली जिवंत बिया आहेत, ओल आहे, ऊब आहे, हवा आहे, माझ्या फळ्यावरच्या वाक्यातलं सगळं सगळं आहे, आणि तरी त्या नाही म्हणतायत.

त्यांना कळतं कसं? उजेडाचं आधी सांगते, कारण ती गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शेती-संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर तांबड्या उजेडाचा झोत टाकला. बिया रुजल्या. तांबड्यापाठोपाठ अतितांबडा, म्हणजे आपल्या डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा उजेड टाकला, तर रुजेनात. पुन्हा तांबडा, तर रुजल्या. कितीही वेळा उलटसुलट केलं तरी शेवटचा झोत कुठला यावर निकाल. बीमध्ये एक रंगद्रव्य असतं आणि ते या दोन उजेडांत खटक्यासारखं इकडेतिकडे होतं, असा त्याचा अर्थ निघाला. आता हिरव्या पानाचं काम आठवा. पान तांबडा उजेड खातं आणि अतितांबडा खाली गळू देतं. म्हणजे झाडाच्या सावलीतला उजेड हा पानानं चाळलेला उजेड. असं रंगद्रव्य ज्या बीत असतं तिला डोळे नसले तरी डोक्यावर दुसऱ्या कुणाचं छप्पर आहे की मोकळं आभाळ, हे उमगतं.

तापमानाचंही तसंच. खोल पाण्याच्या तळाला दिवस काय नि रात्र काय, फारसा फरक नसतो. पाणी उतरून गाळ उघडा पडला की दुपारी त्यावर पाय ठेववत नाही आणि पहाटे तो गार पडतो. हा चढउतारच बीला सांगतो की वरचं पाणी आता नाही. सरासरी तापमान तेच ठेवा, चढउतार काढून घ्या, तर कितीतरी तणांच्या बिया ढिम्म राहतात. जलपर्णीच्या बीलाही हा हेलकावा मानवतो असं प्रयोगांत दिसलं आहे. वाळणं आणि पुन्हा भिजणं म्हणजे तर सरळच निरोप: उन्हाळा सरला, वळवाचा पाऊस आला, थोड्याच दिवसांत पाणी चढेल. तेवढ्या मुदतीत गाळात मुळं धरायची, चार पानं काढायची, देठात हवा भरायची. जुलैत धरण भरू लागलं की पाणी त्या रोपाला अलगद उचलतं, मुळं गाळातून सुटतात आणि जमिनीवर जन्मलेलं झाड तरंगायला लागतं.

मामा लाडू टाकून बघतात तेच हे. फक्त लाडू बीच्या आत आहे.

हे एकदा ध्यानात आलं आणि आपण जलपर्णीशी कसे लढतो ते आठवून मला हसू आवरेना. लढाई जुनी आहे. बंगालमध्ये ती इतकी माजली होती की 1921 साली तिच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद जगदीशचंद्र बोस यांच्याकडे दिलं गेलं. 1936 साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत कचुरीपाना हटवू असं आश्वासन होतं. हो, त्यांची कचुरीपाना म्हणजे आपली जलपर्णीच. एखाद्या वनस्पतीला राजकीय जीवनात इतका मान क्वचितच मिळाला असेल. अमेरिकेत लुइझियानाच्या एका खासदारानं 1910 साली याहून पुढची सूचना केली होती: आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत, ते जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील. विधेयक बारगळलं. पाणघोड्यांचं नशीब. आपल्याकडे 1980 च्या दशकात बंगळुरूला तिच्यावर जगणारे परदेशी भुंगेरे आणून सोडले गेले. काही तळ्यांत त्यांनी चांगलं काम केलं. ते पानं कुरतडतात, देठ पोखरतात. तळाच्या गाळाशी त्यांचा संबंध येत नाही.

आणि आपल्या नद्यांत दर उन्हाळ्यात यंत्रं उतरतात. निविदा निघते, फोटो छापून येतात, लांब हाताचं यंत्र चिखलात उभं राहून हिरवे ढीग उपसतं आणि काठावर रचतं. मी त्या वर्षी मे महिन्यात पुलावर उभी राहून तासभर हे बघितलं. यंत्राचा पंजा खाली गेला की गालिचा निघत होता आणि त्याबरोबर तळ ढवळून वर येत होता. जिथं वर्षभर काळोख होता तिथं लख्ख ऊन. जिथं गारवा होता तिथं तापलेला उथळ चिखल. काठावरच्या ढिगात खाली माना घातलेले दांडे आणि त्यांना लोंबणारी फळं, ती पहिल्या पावसानं पुन्हा नदीत. इतका नेमका वापसा मामासुद्धा करून देणार नाहीत.

आपल्याकडची बहुतेक जलपर्णी धुमाऱ्यांतून येते, बीतून नव्हे, हे मी विसरलेले नाही. फुलांना आपल्याकडे मनासारखे परागवाहक मिळत नाहीत, बी कमी धरतं. शिवाय रुजायला उघडा ओला गाळ सगळीकडे नसतो. यंत्रं आणू नयेत असंही मला म्हणायचं नाही. गालिच्याखाली मासे गुदमरतात, डास होतात, चिलापी धरणाऱ्याची होडी अडकते. काढावी लागतेच. मला फक्त त्या 'समूळ' शब्दाची गंमत वाटते. जलपर्णीचं समूळ उच्चाटन. मूळ निघेलही हो. मूळ आणि बी यांत गल्लत होते आहे. एका उन्हाळ्यात नदी आरशासारखी केली तरी तळाशी गेल्या 15-20 वर्षांच्या उन्हाळ्यांचं बेणं पडून आहे, आणि ते एकदम उगवत नाही, हप्त्याहप्त्यानं उगवतं. या वर्षी काही, पुढच्या वर्षी काही, काही राखीव. सोयाबीनसारखे शंभरातले 70 एका आठवड्यात उगवले असते तर एका नांगरटीत संपवता आले असते.

अमेरिकेतच, मिशिगनमध्ये, विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1879 साली 20 बाटल्यांत वाळू आणि तणांच्या बिया भरून पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि किती रुजतात ते बघायचं. बील गेला, त्याच्यामागून आलेले गेले, पण बाटल्या निघत राहिल्या. 2021 साली निघालेल्या बाटलीतही काही बिया रुजल्या. पुढची 2040 ला. मला त्यातलं आवडतं ते हे, की बाटली उकरायला ती मंडळी रात्री जातात, अंधारात, म्हणजे आसपासच्या बियांना चुकून उजेडाचा निरोप मिळू नये. चोरपावलांनी. झोपलेल्या पोराच्या खोलीतून आई जाते तशी.

हे सगळं मामीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आपलं गाव पण तसंच की मग. पाणी हटलं की वर येतंय." मला मोह झाला. ललित लिहिणाऱ्या माणसाला असा मोह होतोच: बुडालेलं गाव, तळाशी झोपलेली बी, एक दिवस पाणी हटेल. पण मामीचं जोतं दरवर्षी वर येतं आणि त्यावर काही उगवत नाही. त्या जोत्याला कुठलाही वापसा नाही. तिलाही ते माहीत होतं. भाकरी तव्यावर टाकून ती दुसऱ्या विषयाकडे वळली.

जूनच्या मध्यावर मी तिसऱ्या डब्याचा काळा कागद काढला. अडीच महिने ओल्या अंधारात बसलेला गाळ. उन्हात ठेवला आणि आठवडाभरात त्यावर हिरवं उमटलं. त्यात फिती किती ते मोजलं, 9. मग पुढचं काम. हा चिखल मी गटारात ओतला असता तर तो मुठेत जाऊन भीमेवाटे मामांच्याच बांधाला लागला असता, म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि पहिल्या चारही डब्यांतला गाळ त्यात घालून अर्धा तास रटरटू दिला. घरभर नदीचा वास. नवरा खिडक्या उघडत फिरला. मी मात्र त्या पातेल्याजवळ जरा जास्तच वेळ उभी होते. अंधार, पाणी, 15 वर्षं, सगळं पचवणाऱ्या त्या बीचा हिशोब गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये पुन्हा आजोळी गेले. धरण शून्याच्या वर चढून भरत आलं होतं. मामांचं शेत कुठं होतं ते त्यांनी बोट करून दाखवलं, तिथं लाटा होत्या. कडवळ त्यांनी पाणी चढण्याआधीच कापून आणलं होतं, गंज अंगणात रचलेली. पाण्यावर पाच-सात जलपर्ण्या सुट्या सुट्या, एकमेकींपासून अंतर राखून हलत होत्या. वरच्या नदीतून वाहत आल्या होत्या की त्याच रेघेतल्या होत्या, त्यांच्याकडे बघून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"आता परत पेरणी कधी?" मी उगाच विचारलं.

"पाणी हटंल तवा. फेब्रुवारी, मार्च. त्येच्या मर्जीवर." मग त्यांना आठवलं. "माझी माती न्हेली व्हतीस ती?"

मी पिशवीतून डबा काढून दिला. उकळून, गाळून, वाळवून परत आणलेली त्यांची माती. त्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. थोडं पाणी शिंपडून तळहातावर लाडू वळायला बघितलं. लाडू वळेना.

"काय केलंस गं पोरी हिला?" ते म्हणाले. "शिजवलीस व्हय?"

मी हो म्हटलं. त्यांनी डबा शेवग्याच्या बुडाशी उपडा केला आणि श्रीखंडाचा डबा चांगला आहे म्हणून मामीला आत नेऊन दिला. माळ्यावर पितळेच्या डब्यांमागे ठेवलेल्या पाचव्या डब्याचं मी त्यांना काही सांगितलं नाही.